खारपाणपट्ट्यातलं स्वयंपाकघर

सनमायकाचं कॅटलॉग घरात आलं की सगळे पानं उलटायला लागतात. मुलाला काळं चकचकीत हवं असतं, सुनेला मरून, आणि सासूबाईंना ‘मळकं दिसणार नाही असं काहीतरी’. तिघांनीही आपापलं मत थोडं बाजूला ठेवावं. दुकानदाराकडून चार तुकडे मागून आणावेत: एक काळा चकचकीत, एक पांढरा चकचकीत, एक फिकट लाकडी रेघांचा आणि एक राखाडी मॅट. त्यावर घरच्या बोअरचं पाणी शिंपडावं, न पुसता अंगणात उन्हात ठेवावं आणि संध्याकाळी पाहावं. वरवट बकाल किंवा आसपासच्या कुठल्याही गावात निकाल साधारण एकच येतो. काळ्या तुकड्यावर प्रत्येक थेंबाचं पांढरं वर्तुळ उमटलेलं असतं, बाहेरची कडा जाड आणि आत धुरकट. बोट फिरवलं तर खरखरीत लागतं. पांढऱ्यावर तोच खार असतो पण दिसत नाही, तिरपं धरलं की तेवढा चमकतो. लाकडी रेघांवर शोधावा लागतो. राखाडी मॅटवर दिसतो, ओल्या फडक्याने एकदा पुसलं की जातो आणि दुसऱ्या दिवशी परत येतो.

शहरातल्या पुस्तकांत आणि दुकानांत स्वयंपाकघराची निवड रंगापासून सुरू होते. इथे ती पाण्यापासून करावी लागते. कारण जमिनीखाली आहे.

वरवट बकाल हे संग्रामपूर तालुक्यातलं रस्त्यावरचं, बाजाराचं गाव. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला पूर्णा आणि मधे काळी, खोल, सपाट जमीन. पूर्णेचं हे खोरं म्हणजे खचलेला भूभाग. त्यात हजारो वर्षं गाळ साचत गेला. पाऊस बेताचा, ऊन भरपूर आणि निचरा जवळजवळ नाही, म्हणून क्षार वाहून न जाता तिथेच मुरले. अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांतला साडेचार हजार चौरस किलोमीटरहून मोठा पट्टा असा आहे. सरकारी कागदांत आणि लोकांच्या तोंडी त्याचं नाव एकच, खारपाणपट्टा. या पाण्याचा माणसाच्या मूत्रपिंडांशी काय संबंध आहे हा फार गंभीर विषय आहे आणि त्यावर लिहिलंही गेलं आहे. इथे आपल्याला तेच पाणी सिंकखालच्या बिजागरीचं काय करतं एवढंच पाहायचं आहे.

वान धरणावरच्या योजनेमुळे बऱ्याच घरांत आता गोडं पाणी येतं. पण ते जपून वापरलं जातं, पिण्याला आणि डाळ शिजवायला. भांडी, ओटा आणि फरशी यांच्या वाट्याला अजूनही बोअरच. म्हणजे फर्निचरशी गाठ पडते ती खाऱ्या पाण्याचीच.

खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड स्टीलच्या अंगावरचा संरक्षक थर ठिकठिकाणी फोडतं आणि तिथे टाचणीच्या टोकाएवढे तांबूस ठिपके पडतात. ट्रॉल्यांच्या जाळ्या ‘स्टेनलेस’ म्हणूनच विकल्या जातात, पण त्यात दोन जाती सर्रास चालतात, २०२ आणि ३०४. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. २०२ मध्ये महागडं निकेल कमी करून मँगनीज भरलेलं असतं. शहरातल्या एखाद्या कोरड्या फ्लॅटमध्ये २०२ बरीच वर्षं टिकेल, इथे सिंकच्या शेजारी टिकणार नाही. दुकानात एक प्रयोग हमखास होतो: दुकानदार लोहचुंबक लावतो, ते चिकटत नाही, आणि तो विजयी मुद्रेने म्हणतो, “बघा, अस्सल ३०४.” या प्रयोगाला काही अर्थ नाही. २०२ लाही चुंबक सहसा चिकटत नाही. ओळखायचं असेल तर बिलावर ‘३०४’ लिहून मागावं. तसं लिहून देताना माणूस जरा विचार करतो, आणि तेवढ्यावरून बरंच कळतं.

आता पेट्यांकडे, म्हणजे शटरच्या मागे जो सांगाडा असतो त्याकडे. इथे निवड करताना सगळ्यांत जास्त फसगत होते, कारण तो एकदा बसला की परत दिसत नाही. मिस्त्री आणि घरमालकीण यांच्यातला संवाद ठरलेला असतो.

“मिस्त्री, पान्यानं फुगते का हे?”

“नाई वैनी, सातशे दहा हाये. उकयत्या पान्यात टाकलं तरी काई व्हत नाई.”

मिस्त्री खोटं बोलत नाही. आयएस ७१० हे मरीन प्लायचं भारतीय मानक आहे, आणि त्याच्या चाचणीत प्लायचे तुकडे ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून थर सुटतात का ते पाहतात. पण ही परीक्षा मुख्यतः थरांमधल्या डिंकाची आहे. फिनॉल-फॉर्माल्डिहाइडचा तो डिंक उकळत्या पाण्याला दाद देत नाही. उघडी कापलेली कड, स्क्रूचं भोक, मागच्या बाजूला पाइपासाठी पाडलेलं ओबडधोबड भगदाड यांची परीक्षा कुणी घेत नाही, आणि पाणी नेमकं तिथूनच शिरतं. म्हणून ७१० घेतलं तरी कापलेल्या प्रत्येक कडेला पट्टी किंवा निदान सीलरचा हात मारून घ्यावा. मागची कड दिसत नाही म्हणून तिला सोडायचं, हा आपल्याकडचा जुना आळस आहे.

सातशे दहाच्या खाली आयएस ३०३ येतं. त्यात बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळतं पाणी सोसणारा, आणि एमआर असे दोन प्रकार. एमआरचा अर्थ ओलसर हवा सोसणारा. पाणी सोसणारा नव्हे. तो हॉलमधल्या टीव्हीच्या कपाटाला ठीक, स्वयंपाकघरात फार तर वरच्या माळ्याला. पार्टिकल बोर्ड म्हणजे भुशाचे आणि चिरफाळ्यांचे दाबलेले तुकडे. तयार मॉड्यूलर किचनच्या स्वस्त जाहिरातींत पेट्या बहुतेकदा त्याच्याच असतात. त्याला इथे एक असा शत्रू आहे ज्याचा विचार बेंगळुरूचा कारखानदार करत नाही. तो म्हणजे कूलर. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की वऱ्हाडातल्या घराघरांत वाळ्याच्या ताट्या भिजू लागतात आणि कूलरचा ओला झोत दिवसभर घरात फिरतो. स्वयंपाकघराच्या दारातून तो थेट ओट्याखाली जातो. बाहेर हवा कोरडी ठणठणीत आणि आत दमट, अशा हवेत पार्टिकल बोर्डच्या खालच्या कडा आधी फुलतात, मग स्क्रू सैल होतात आणि एके दिवशी दार हातात येतं. एमडीएफचंही तेच, फक्त ते अधिक गुळगुळीतपणे फुगतं.

गर्जन लाकडाचं प्लाय म्हणून जे महाग विकतात त्याबद्दलही सावध असावं. गर्जनचे ओंडके एकेकाळी मुख्यतः म्यानमारमधून यायचे, आणि २०१४ च्या एप्रिलपासून म्यानमारने ओंडक्यांची निर्यात बंद केली. त्यानंतर बाजारात गर्जन नाहीच असं नाही, पण ‘पूर्ण गर्जन’ हा दावा ऐकला की भुवई उंचावायला हरकत नाही. आपल्या बहुतेक प्लायमध्ये उत्तरेकडचं पॉप्लर आणि निलगिरीच असतं आणि चांगल्या डिंकाने चिकटवलेलं निलगिरीचं प्लाय मुळीच वाईट नसतं.

मला विचाराल तर या पट्ट्यात पेट्या लाकडाच्या हव्यातच कशाला? गावातले जुने गवंडी जे करत आले आहेत ते मला मॉड्यूलरपेक्षा शहाणपणाचं वाटतं. ओट्याखाली विटांचे किंवा कडप्प्याच्या उभ्या फरशांचे कप्पे करायचे, मधे कडप्प्याचीच आडवी फळी टाकायची, वर ग्रॅनाइट, आणि समोर फक्त दारं. हवं असेल तिथे त्याच कप्प्यांत स्टीलच्या ट्रॉल्या. कडप्पा फुगत नाही, त्याला उधई लागत नाही, आणि फरशी बादलीभर पाण्याने धुतली तरी त्याला काही होत नाही. आपल्याकडे फरशी पुसत नाहीत, धुतात, हे डिझायनर लोक विसरतात. दिसायला तो कप्पा जरा जाड असतो, इंच-दोन इंच जागा खातो आणि एकदा बांधला की हलत नाही. पण दर दहा वर्षांनी स्वयंपाकघर बदलणारी कुटुंबं गावात किती असतात?

कडप्प्याला एकच गोष्ट सोसत नाही, आम्ल. तो चुनखडीच्या जातीचा दगड आहे. लिंबाचा रस, चिंचेचा कोळ सांडून राहिला की पॉलिश मरतं आणि तिथे फिक्कट डाग कायमचा बसतो. म्हणून वरच्या पाट्याला ग्रॅनाइट आणि आतल्या कप्प्यांना कडप्पा ही वाटणी बरोबर आहे. खाराचे डाग काढायला काही घरांत संडास साफ करायचं ॲसिड ओट्यावर ओततात. दगड तर खराब होतोच, पण त्या ॲसिडची वाफ बंद कपाटात शिरून बिजागऱ्या आणि चॅनेल काही दिवसांत गंजवते. त्याऐवजी पाणी घातलेला पांढरा व्हिनेगर फडक्यावर घेऊन नळ, काच, स्टील आणि सनमायका पुसावा आणि लगेच गोड्या पाण्याने धुवावा. कडप्प्यावर, कोट्यावर आणि संगमरवरावर तोही नको.

काळ्या मातीचंही एक ऐकून घ्यावं लागतं. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया उथळ असेल तर तीच हालचाल भिंतीत येते. ओट्याच्या भिंतीवरची तिरपी तड दर उन्हाळ्यात थोडी उघडते आणि दर पावसाळ्यात मिटते. अशा भिंतीला लांबलचक, एकसंध वरची कपाटं घट्ट जखडली तर दारांच्या फटी वाकड्या होतात. वरची कपाटं दोन-तीन फुटांच्या सुट्या पेट्यांत करावीत आणि बिजागऱ्या स्क्रूने मागे-पुढे, वर-खाली करता येणाऱ्या घ्याव्यात. प्लायच्याच पेट्या करायच्या ठरल्या तर त्या चार इंची प्लास्टिकच्या पायांवर उभ्या कराव्यात. पाय फिरवून पातळी जुळवता येते आणि धुतलेल्या फरशीचं पाणी लाकडाला लागत नाही.

आणि आता दर्शनी बाजू, ज्यासाठी एवढी कॅटलॉगं चाळली. सनमायका म्हणजे कागद, हे ऐकून अजूनही पुष्कळांना आश्चर्य वाटतं. राळेत भिजवलेल्या तपकिरी क्राफ्ट कागदाचे थर, त्यावर छापील नक्षीचा कागद, त्यावर मेलॅमाइनचा पारदर्शक थर, आणि हे सगळं उष्णता आणि प्रचंड दाबाखाली एकजीव केलेलं. म्हणूनच त्याची कड तपकिरी दिसते. अमेरिकेत हे तंत्र १९१३ च्या सुमारास जन्माला आलं ते विजेच्या यंत्रांत अभ्रकाऐवजी वापरायला. फॉर्मायका या कंपनीच्या नावातही तेच अभ्रक आहे. टेबलांवर आणि ओट्यांवर ते नंतर चढलं. भारतात त्याला आयएस २०४६ हे मानक आहे. दारांना १ मिलिमीटर जाडीचा घ्यावा, आणि आतल्या बाजूलाही पातळ पांढरा लायनर लावून घ्यावा. एकाच बाजूला सनमायका चिकटवलेलं दार आमच्या कोरड्या उन्हाळ्यात हमखास वाकतं, कारण उघडी बाजू आकसते आणि झाकलेली आकसत नाही. मिस्त्रीने लायनरचे पैसे वाचवले की हा प्रकार होतो आणि दोष प्लायला दिला जातो.

पोत कोणता? खोल रेघांचा नको. फोडणीची वाफ त्यात जाऊन बसते, वर धूळ चिकटते आणि महिन्याभरात रेघेरेघेत काळपट गोंद तयार होतो. आरशासारखा चकचकीतही नको, त्याचं कारण उन्हात वाळवलेल्या तुकड्याने सांगितलंच आहे. मधला, अंगावर किंचित दाणा असलेला मॅट, मध्यम रंगाचा, फिकट लाकडी किंवा करड्या छटेचा, हा इथे सगळ्यांत कमी त्रासाचा. शुभ्र पांढऱ्या मॅटला हळद लागली की लोक घाबरतात आणि साबण घासतात. साबणाच्या अल्कलीने हळद लाल होते आणि घबराट वाढते. घाबरू नये. हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही, खिडकीतून ऊन येत असेल तर डाग आपोआप फिका पडतो. पण शेगडीच्या दोन्ही बाजूंची दारं पांढरी न ठेवणंच सोपं.

मेंब्रेनचं दार, म्हणजे एमडीएफवर कोरीव नक्षी करून वर पीव्हीसीचा पापुद्रा ताणून बसवलेलं, कॅटलॉगमध्ये फार देखणं दिसतं. शेगडीजवळ त्याची कड सुटते, आणि वांगं थेट आचेवर भाजणाऱ्या घरात तर लवकरच. ॲक्रिलिकला ओरखडे पडतात, वर खाराचे ठसे. पीयू रंग सुंदर असतो, पण तो धूळविरहित खोलीत फवारावा लागतो, ठोकर लागली तर गावात दुरुस्त करणारा मिळत नाही. पीव्हीसी बोर्डाला उधई आणि पाणी दोन्ही लागत नाही, म्हणून सिंकखालच्या दाराला तो उत्तम. पण त्याच्या कडेत स्क्रू नीट धरत नाही आणि लांब फळी वजनाने झुकते. त्याच्यावर धान्याचे डबे ठेवू नयेत.

सागवानाचा मोह मला समजतो. मेळघाटचं जंगल उत्तर-पूर्वेला फार लांब नाही, आणि परतवाड्याच्या लाकडाची कीर्ती सगळ्या वऱ्हाडात आहे. सागाच्या गाभ्यात तेल असतं, उधई त्याला सहसा तोंड लावत नाही. पण बाहेरच्या पांढुरक्या लाकडाला ती आवडीने लागते, आणि आजकाल चौकटीत तेच बरंच सापडतं. संपूर्ण स्वयंपाकघर सागाचं करण्यापेक्षा दाराच्या चौकटी सागाच्या आणि मधला पॅनल सनमायकाचा, असं केलं तर शोभाही राहते आणि खिसाही. जुन्या वाड्याची तुळई किंवा दारं उतरवलेली असतील तर ती विकू नयेत, फाडून घ्यावीत. तेवढं वाळलेलं लाकूड आज विकत मिळत नाही.

ही सगळी चर्चा दिसण्याची आणि टिकण्याची झाली. कपाटात ठेवायचं काय, हा प्रश्न खरं म्हणजे आधी यायला हवा होता. आधुनिक स्वयंपाकघराची पहिली नेटकी आखणी १९२६ मध्ये मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की हिने जर्मनीतल्या फ्रांकफुर्टच्या नगरपालिकेच्या घरांसाठी केली. खोली जेमतेम १.९ गुणिले ३.४ मीटर. रेल्वेच्या भोजनडब्यातलं स्वयंपाकघर तिने नमुना म्हणून पाहिलं होतं. तिने डाळ-तांदळासारख्या वस्तूंसाठी ओतायची चोच असलेले ॲल्युमिनियमचे खण केले. पिठाचा खण ओकच्या लाकडाचा, कारण त्याला कीड लागत नाही असा समज होता. दारांचा रंग निळा, कारण माश्या निळ्यावर बसत नाहीत असं तेव्हा मानत. रंग आणि लाकूड दोन्ही तिने कामावरून ठरवले, हे मला तिच्या आखणीपेक्षाही मोलाचं वाटतं.

फ्रांकफुर्टच्या बाईला आठवड्याचं सामान ठेवायचं होतं. वरवट बकालच्या घरात वर्षाचं येतं. गहू, ज्वारी, घरच्या शेतातल्या तुरीची डाळ, उन्हाळ्यात केलेल्या कुरड्या-पापड. मॉड्यूलर कॅटलॉगमधले सहा इंच उंचीचे तीन ड्रॉवर यांच्या कामाचे नाहीत. कोठ्या आतल्या खोलीतच राहाव्यात आणि स्वयंपाकघरात पंधरा दिवसांचे मोठे डबे उभे राहतील असा एक खोल, उंच खण असावा. साध्या टेलिस्कोपिक चॅनेलची क्षमता ३५ ते ४५ किलो असते. पिठाचा, तांदळाचा आणि डाळीचा भरलेला डबा एका ट्रॉलीत ठेवला की ती मर्यादा जवळ येते. त्यामुळे जड डबे स्थिर कडप्प्यावर आणि हलके मसाले-पेले ट्रॉलीत. परात आणि काठवट उभी ठेवायला एक अरुंद खण वेगळा मागून घ्यावा, तो कॅटलॉगमध्ये नसतो.

उंचीचंही तसंच. तयार पेटी ७२० मिलिमीटर, पाय १००, वरचा ग्रॅनाइट, मिळून ओटा साधारण ३३-३४ इंचांवर जातो. पाच फुटांच्या बाईच्या कोपराखाली चार ते सहा इंच मोजलं तर तिला साडेएकतीस ते साडेतेहतीस पुरतात. आणि भाकरी थापायला त्याहूनही खाली, कारण तिथे खांद्याचा जोर लागतो. ओट्याचा एक टोकाचा तुकडा २९-३० इंचांवर बांधून घेतला तर गवंड्याला अर्धा दिवस जास्त लागेल. घरातल्या बाईला उभं करून, कोपर वाकवून, भिंतीवर कोळशाने खूण केली की नकाशाची गरज नाही. ही मोजणी मालकाने नव्हे, स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीने करून घ्यावी.

गॅसच्या सिलिंडरला मात्र दारामागे लपवण्याआधी थांबावं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली बसतो आणि बंद कपाटात साचतो. सिलिंडरच्या कप्प्याला दार लावायचंच असेल तर जाळीचं लावावं, आणि खाली फरशीलगत मोठी झरोक्याची जागा ठेवावी. तळाची ती फट झुरळांच्या भीतीने बुजवणं महागात पडेल.

शेवटी हिशेब. शेगाव, खामगाव किंवा अकोल्याचा दुकानदार भाव सांगतो तो बहुधा रनिंग फुटावर. त्या एका आकड्यात पेटी, दार, बिजागरी, चॅनेल, सगळं गुंडाळलेलं असतं, आणि कुठे हात आखडला ते कळत नाही. भाव वेगवेगळे मागावेत: पेटीचं प्लाय कोणत्या मानकाचं आणि किती मिलिमीटर, दाराचा सनमायका किती जाड, आत लायनर आहे की नाही, कडेची पट्टी यंत्राने लावणार की हाताने, जाळ्या २०२ की ३०४. प्लायच्या शीटवर मानकाचा शिक्का छापलेला असतो. शीट कापण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवावा, कापल्यावर शिक्का भुशात जातो. आणि काम दिवाळीनंतर धरावं. तोवर पावसाळ्यात ओली झालेली नवी भिंत वाळलेली असते, आणि कापूस विकून हातात पैसाही आलेला असतो.